वावडे

चैत्र लागला की सोलापूरच्या आमच्या घरात सर्वांत आधी जाग येई ती परसातल्या उखळाला. होळी होऊन गेलेली असे, नवे लाल तिखट डब्यात भरलेले असे, लसणाच्या जुड्या वाळून खडखडीत झालेल्या असत. आणि ऊन अंगणात उतरण्यापूर्वी, पहाटेच्या गारव्यात, सासूबाई शेंगांची चटणी कांडायला बसत. मंद आचेवर भाजून साल पाखडलेले दाणे, तिखट, लसूण, जिरे आणि मीठ, एवढेच साहित्य. बाकी सारे मुसळाच्या लयीवर आणि त्यांच्या हातावर अवलंबून. दाण्यांनी आपले तेल सोडले, चटणी किंचित ओलसर होऊन बोटाला चिकटू लागली, की त्या थांबत. तो खमंग दरवळ आणि कडुनिंबाच्या फुलोऱ्याचा मंद गंध एकमेकांत मिसळत. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्या मनातला चैत्र तो हाच.

हा चौथा चैत्र, उखळ गप्प आहे.

मराठीत ‘वावडे’ असा एक शब्द आहे. एखादा पदार्थ प्रकृतीला न मानवणे म्हणजे त्याचे वावडे असणे. वांग्याने कोणाच्या अंगाला खाज सुटते, दुधाने कोणाचे पोट बिघडते. तेथे हा शब्द सरळ, वैद्याच्या तोंडचा आहे. पण आपण त्याचा वापर अधिक करतो तो दुसऱ्याच अर्थाने. ‘त्याला कष्टाचे वावडे आहे’, ‘तिला पाहुण्यांचे वावडे आहे’ असे म्हणताना आपल्याला नावड, टाळाटाळ, नखरा असे काहीतरी सुचवायचे असते. या उपहासाच्या अर्थाने मूळ अर्थावर इतकी कुरघोडी केली आहे की ताटावर बसलेल्या माणसाने ‘मला हे चालत नाही’ म्हटले, की आपल्याला त्याची प्रकृती दिसत नाही, फक्त त्याची नाटके दिसतात. आमच्या घरालाही बरेच दिवस तेच दिसत होते.

धाकट्या मुलाच्या बाबतीत खुणा आधीपासून होत्या. आम्हांला त्या वाचता आल्या नाहीत. वर्षाचा असताना त्याने बहिणीच्या ताटातली चटणी बोटाने चाटली आणि ओठांभोवती लाल चट्टे उठले. तिखट लागले, असे आम्ही ठरवले. पुढे एकदा कोशिंबिरीचा घास खाऊन त्याच्या अंगावर गांधी उठल्या. ‘पित्त उठले’ म्हणून सासूबाईंनी आमसुलाचा कोळ करून अंगाला लावला. तासाभरात गांधी बसल्या आणि आमचा आमसुलावरचा विश्वास दृढ झाला. कोशिंबिरीत काकडी होती, दही होते, कोथिंबीर होती, दाण्याचे कूटही होते. संशय दह्यावर गेला. दाण्यावर संशय घ्यावा हे कोणाच्या मनातच आले नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसावर कोणी संशय घेते का?

तो तीन वर्षांचा असताना, रामनवमीच्या दिवशी, सासूबाईंनी त्याला दाण्याचा लाडू दिला. मुलगा हडकुळा होता आणि गूळ-दाणे अंगी लागतात ही त्यांची, त्यांच्या आईची आणि तिच्याही आईची श्रद्धा होती. त्यांनी त्याला मांडीवर घेऊन, गोष्ट सांगत, आपल्या हाताने तो लाडू भरवला. लाडू संपायच्या आतच त्याचे ओठ सुजू लागले. मग त्याला उलटी झाली. रडता रडता त्याचा आवाज घोगरा झाला आणि मग रडणेच थांबले, कारण रडायला लागतो तेवढा श्वासही त्याला पुरेना. शेजारच्या रिक्षातून आम्ही त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी काहीही न विचारता त्याच्या मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन दिले. काही मिनिटांत छाती सावकाश वरखाली होऊ लागली. तो प्रसंग माझ्यापाशी एका दृश्याच्या रूपाने उरला आहे : दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या सासूबाई, आणि त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना अजून चिकटलेला गुळाचा ओलावा. त्या त्या हाताकडेच पाहत होत्या.

पुन्हा लक्षणे उलटण्याची शक्यता असते, म्हणून मुलाला रात्रभर तेथेच ठेवून घेतले. त्या रात्री आणि पुढच्या भेटींत डॉक्टरांनी आम्हांला जे समजावले, ते मी माझ्या शब्दांत मांडते. शरीराचा स्वतःचा एक पहारेकरी असतो. रोगजंतूंना दारातच अडवणे हे त्याचे काम. ॲलर्जीत हा पहारेकरी आळशी नसतो, उलट फाजील दक्ष असतो. दाण्यातल्या निरुपद्रवी प्रथिनांना तो चोर समजतो आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून ठेवतो. पुढच्या वेळी तीच प्रथिने दारात दिसली, की हिस्टामिनसारखी द्रव्ये एकदम सुटतात. त्वचेवर गांधी येतात, घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात, रक्तदाब कोसळू शकतो. चोर मुळी आलेलाच नसतो. पण त्याला पकडण्याच्या धांदलीत घराचीच मोडतोड होते. ‘ॲलर्जी’ हा शब्द ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. ‘आलोस’ म्हणजे दुसरे आणि ‘एर्गोन’ म्हणजे कार्य, या दोन ग्रीक शब्दांपासून. वेगळ्या तऱ्हेने वागणे, एवढाच त्याचा मूळ आशय. त्यात नखरा नाही, अपराध नाही, कोणाची चूक नाही. आपला ‘वावडे’ हा शब्दही कधीकाळी असाच निर्मळ असेल.

रक्ताची आणि त्वचेची तपासणी झाली. निष्कर्ष स्पष्ट होता. शेंगदाणा हा खरे तर कडधान्यांच्या कुळातला. त्यामुळे हरभरा, तूर, मूग यांचीही तपासणी झाली, पण ती मुलाला निर्धोक ठरली. दाणा मात्र कणभरही चालणार नव्हता. नुसत्या वासाने सहसा काही होत नाही. पण कूट हाताला, ओट्याला, पदराला चिकटते आणि तेथून मुलाच्या तोंडात जाऊ शकते, असे डॉक्टरांनी बजावले. ॲड्रिनॅलिनची कुपी आणि सुई घरात ठेवायला सांगितली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला ती कशी टोचायची ते माझ्याकडून आणि माझ्या पतीकडून तीनतीनदा करवून घेतले. काही मुलांची ही ॲलर्जी मोठेपणी जाते; पण साधारण पाचांतल्या एकाचीच. उरलेल्या चौघांना तिच्यासह जगायचे असते. आम्ही घरी परतलो ते या चौघांपैकी एकाचे आईवडील होऊन.

आपल्या स्वयंपाकघरात दाणा कोठे कोठे आहे, हे मला त्या आठवड्यात प्रथम कळले. भरल्या वांग्यात आहे, दोडक्याच्या भाजीत आहे, कोशिंबिरीत आहे, पोह्यांत आहे, आमटी दाट करायला आहे. तेलात आहेच. आम्ही करडईचे तेल आणत होतो. पण ज्या घाण्यावर करडई गाळली जाते, त्याच घाण्यावर आदल्या दिवशी शेंगदाणा गाळलेला असतो. तेल बंद पाकिटातले आणू लागलो. मसाल्याचा डबा बदलला, मिक्सरचे भांडे बदलले, लाकडी पोळपाट जड मनाने बदलला. सर्वांत अवघड ठरले ते उपवास. साबुदाण्याची खिचडी, वरीच्या तांदळाबरोबरची दाण्याची आमटी, दाण्याचे लाडू, बटाट्याच्या भाजीत कूट. ज्या दिवशी घरात सर्वाधिक पावित्र्य, त्याच दिवशी मुलाला सर्वाधिक धोका. बाजारातल्या पाकिटावर दाणा आहे की नाही हे छापणे आता बंधनकारक आहे; पण देवळातल्या प्रसादाच्या द्रोणावर काही छापलेले नसते, आणि प्रसाद नाकारायला आपल्याला कोणी शिकवलेले नसते.

पण हे सारे बदल भांड्यांचे होते. खरा बदल ज्या ठिकाणी व्हायचा होता, तेथे मला बोट लावण्याचे धैर्य होत नव्हते.

सासूबाईंची चटणी हा केवळ त्यांचा हातगुण नव्हता. सासरे अकाली गेल्यावर या चटणीने घर चालवले होते. माझ्या पतींची शाळेची आणि महाविद्यालयाची फी त्या उखळातून निघाली. चटणीच्या गिऱ्हाइकांची एक वही होती. तीत पुण्या-मुंबईला गेलेल्या सोलापूरकरांची नावे होती आणि त्यांपुढे ‘अर्धा किलो’, ‘लसूण जास्त’, ‘तिखट कमी’ अशा नोंदी होत्या. नवरा गेल्यावर नातलगांपुढे हात पसरायचा नाही, हा त्यांचा करारीपणा त्या वहीच्या पानापानावर होता. अशा बाईला, ‘तुमचे उखळ आता बंद करा’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि न सांगून कसे चालायचे? परसात एकदा चटणी कांडली की कूट उंबऱ्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर, त्यांच्या पदरावर असे. आणि मुलगा दिवसभर त्याच पदराशी.

मी सांगितले नाही. त्यांनीही काही म्हटले नाही. मात्र रामनवमीनंतर उखळाला त्यांनी हात लावला नाही. आणि मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे, मुलालाही लावला नाही. त्याच्याशी खेळत, गोष्टी सांगत, त्याला झोपवत. पण जेवणाची वेळ झाली की काही निमित्त काढून देवघरात जात. ताट मी वाढायचे, घास मी भरवायचा. मुलगा ‘आजी, तू भरव’ म्हणून हट्ट करी, तेव्हा त्या म्हणत, ‘आईच्या हातचं खा रे, ते चांगलं असतं.’ आयुष्यभर दुसऱ्याला खाऊ घालणे हीच ज्यांची प्रेमाची भाषा, त्यांनी आपली भाषाच टाकून दिली होती. मुलाच्या रक्तातील दोष मापता येत होता. या दुखण्याची तपासणी कोठेच होत नव्हती.

एक वर्ष असे गेले. पुढच्या पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी शेजारणीला बोलावून घेतले. ती एकटी, दोन मुलींना वाढवणारी. पूर्वी कधीमधी चटणीच्या कामात मदतीला येई. सासूबाईंनी कपाटातून ती वही काढली आणि तिच्या हाती दिली. ‘दाणे भाजताना घाई करू नकोस. आणि उधारी दोन महिन्यांवर ठेवू नकोस,’ एवढेच त्या बोलल्या. शेजारणीने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. मी दारातून पाहत होते. मला वाटले, त्या रडतील. पण त्या उठल्या, परसात गेल्या, गरम पाण्याने उखळ दोनदा धुतले आणि म्हणाल्या, ‘दगडाच्या अंगात मुरलेलं काही पूर्ण निघत नाही. झाकलेलं बरं.’ मग माझ्या पतींच्या मदतीने त्यावर जाड फळी टाकली आणि फळीवर पाण्याचा रांजण मांडला. चैत्रात दारी आलेल्याला गार पाणी मिळावे, ही जुनी रीत. पाडव्याला गुढी उभारल्यावर पहिला तांब्या त्यांनी त्या रांजणातूनच भरला.

हा त्याग गोड मानून घेणे सोपे आहे. मी तसे करू इच्छित नाही. त्यांना त्याचे दुःख झाले आणि ते अजून आहे. शेजारणीची चटणी चांगली असते, असे गिऱ्हाइके सांगतात. सासूबाई ती चाखून पाहत नाहीत. महिन्याकाठी स्वतःच्या हातात येणारा पैसा बंद झाला, तेव्हा मुलाकडे पैसे मागण्याची वेळ त्यांच्यावर उतारवयात प्रथमच आली. माझी मोठी मुलगी चटणी-भाकरीवर वाढलेली. तिने ती सोडली, पण कधीकधी मैत्रिणीच्या घरी जेवून येते तेव्हा दारातच हात-तोंड धुते, फ्रॉक बदलते आणि मगच भावाजवळ जाते. दहा वर्षांच्या मुलीने इतके शहाणे व्हावे, याचे मला कौतुक वाटते आणि वाईटही वाटते. एका मुलाच्या वावड्याचा भार घरातल्या प्रत्येकाने थोडाथोडा उचललेला असतो. तो समान वाटलेला नसतो.

गेल्या वर्षी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. आंब्याची डाळ, पन्हे, ओटीसाठी भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी असा बेत होता. आलेल्या बायकांमध्ये नात्यातल्या एक वयस्कर काकू होत्या. त्यांनी येताना घरी केलेली दाण्याची चिक्की आणली होती आणि पाया पडायला आलेल्या माझ्या मुलापुढे त्यांनी एक वडी धरली. मुलगा म्हणाला, ‘मला दाणे चालत नाहीत.’ काकू हसल्या. ‘एवढ्याशा वडीनं काय होतंय? पोरांना सवय लावली की सगळं पचतं. घे, मोठ्यांना नाही म्हणू नये.’ मुलाने हात मागे घेतला, पण तो गोंधळला होता. मोठ्यांना नाही म्हणू नये, हे आम्हीच त्याला शिकवले होते. मी पुढे होणार, एवढ्यात सासूबाई उठल्या. आग्रह हा ज्यांचा धर्म, ज्यांच्या पंगतीतून ‘पुरे’ म्हणून कोणी सुटत नसे, त्या सासूबाईंनी काकूंच्या हातातली वडी आपल्या हातात घेतली, बशीसह बाहेर नेऊन ठेवली, हात साबणाने स्वच्छ धुतले आणि परत येऊन सर्वांसमोर म्हणाल्या, ‘आमच्याकडे आता आग्रह विचारून करतात. मी न विचारता केला होता. तेव्हा हा मरता मरता वाचला.’

खोलीत शांतता पसरली. रामनवमीचा तो लाडू त्यांनी यापूर्वी कोणासमोर उच्चारला नव्हता, आमच्यासमोरही नाही. काकू उठून मुलाजवळ गेल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी पन्ह्याचे पेले भरू लागले, कारण मला दुसरे काही सुचेना.

त्या रात्री मी बराच वेळ विचार करत राहिले. आपण ज्याला परंपरेची चव म्हणतो, ती किती जुनी असते? शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपीय दर्यावर्दींच्या जहाजांतून तो आशियात आला, आपल्या काळ्या मातीत रुजला आणि आपलाच होऊन बसला. उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, तीतली मिरची आणि तीतला बटाटा हेही अमेरिकेच्याच भूमीतून आलेले. म्हणजे आपल्या सोवळ्यातल्या ताटातला हा पदार्थ जवळजवळ सगळा समुद्रापलीकडचा. कोणत्यातरी शतकात, कोणत्यातरी आजीने या परक्या दाण्याला प्रथम आपल्या चुलीवर जागा दिली असेल. तिला तेव्हा कोणी धर्म बुडाला म्हटले असेल का, ते मला ठाऊक नाही. पण स्वयंपाकघराने त्याला घेतले. जे घर एका नव्या दाण्यासाठी सरकून जागा करू शकते, ते एका लहान मुलासाठी तोच दाणा बाहेरही ठेवू शकते. रीत बदलली म्हणून घर मोडत नाही; ज्यांच्यासाठी रीत असते त्यांना विसरले, तर मात्र मोडते.

यंदाच्या पाडव्याला मुलगा सहा वर्षांचा आहे. गुढीला साखरेची गाठी, कडुनिंबाचा डहाळा, उंबऱ्यावर रांगोळी, सारे नेहमीसारखे. दुपारी सासूबाई आंब्याची डाळ वाटायला बसल्या. कैरी किसून झाली, हिंग-मोहरीची फोडणी चुरचुरली. गच्चीवर मोठ्या मुलीने कुरडया राखायला छत्री घेऊन बैठक मारली होती. धाकटा आजीजवळ येऊन उकिडवा बसला. डाळीची वाटी त्याने दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढली, पण खाल्ली नाही.

‘आजी, यात दाणे आहेत का?’

चार वर्षांपूर्वी हा प्रश्न या घरात कोणी विचारला असता, तर तो अविश्वास वाटला असता; वाढणाऱ्या हाताचा अपमान वाटला असता. सासूबाईंनी विळी बाजूला सारली. पदर खोचला आणि स्तोत्र म्हणावे तशा सावकाश, एकेका बोटावर मोजत त्या सांगू लागल्या, ‘हरभऱ्याची डाळ. कैरी. मिरची. कोथिंबीर. ओलं खोबरं. मीठ, साखर. फोडणीला पाकिटातलं तेल. हात धुतलेत. दाणे नाहीत.’

मुलाने मान डोलावली आणि तोंड उघडले. त्यांनी घास केला. तो मुलाच्या ओठांपर्यंत नेताना हात क्षणभर थांबला, थोडासा थरथरला आणि मग पुढे झाला.